निरीक्षण कोणाचे?

प्राथमिक शाळेत 'निरीक्षण' हा शब्द उच्चारला की गुरुजींच्या कपाळावर आठी उमटते. साहेब येणार, टाचणवही पाहणार, हजेरीपट चाळणार आणि शेरेबुकात चार ओळी लिहून जाणार, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. या खटाटोपात भिंतीवरचे तक्ते पाहिले जातात. पाहायचे राहून जाते ते मागच्या रांगेत गप्प बसलेले मूल. माझे म्हणणे असे की, निरीक्षण करायचे ते मुलाचे करावे, आणि त्यात जे दिसेल त्यानुसार उद्याचा पाठ बदलावा.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. तिथली मुले शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले. मुले गुरांमागे रानात जात होती. त्यांना आळशी ठरवण्याऐवजी या बायांनी शाळाच कुरणावर नेली, तीच कुरणशाळा. आधी पाहणे आणि मग उपाय, हा क्रम त्यांनी कधी सोडला नाही.

आज कायदाही हेच सांगतो. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आला आणि २०१० साली महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. त्यातील आठ साधनतंत्रांमध्ये पहिले नाव 'दैनंदिन निरीक्षण' हेच होते. पण झाले काय? वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या निघाल्या. 'वर्गात लक्ष देतो', 'सुंदर अक्षर काढते' अशी वाक्ये तिथून उचलून वहीत उतरू लागली. मुलाकडे न पाहताच त्याची नोंद पूर्ण होऊ लागली! दोष एकट्या शिक्षकाचा नाही. ज्या नोंदीचा उपयोग तपासणीपुरताच, ती नक्कल करूनच लिहिली जाणार.

खरे निरीक्षण फार सोपे आहे. एका कागदावर मुले बसतात तशा चौकटी आखाव्यात. एकाने शिकवावे, दुसऱ्याने कोपऱ्यात बसून ज्या मुलाला प्रश्न विचारला गेला त्याच्या चौकटीत खूण करावी. मूल आपणहून बोलले तर वेगळी खूण. तास संपल्यावर कागद पाहावा. कोणत्या चौकटी भरल्या आणि कोणत्या कोऱ्या राहिल्या, हे शेऱ्याविना कळते. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की, शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारीही बोलू लागतात. ही सुधारणा बिनखर्चाची आहे, पण कोणी पाहिल्यावाचून ती सुचत नाही.

आपल्या भागात तर याची निकड अधिक. दिवाळी सरली की ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे बाहेर पडतात आणि काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परततात, तेव्हा धडे पुढे गेलेले असतात. हजेरीपटावर ती 'उपस्थित' असतात, वर्गात मात्र नसतात. त्या कोऱ्या चौकटी बहुधा त्यांच्याच असतात. त्या वेळीच दिसल्या नाहीत तर पुढे शाळा कायमची सुटते.

कोणी म्हणेल, दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी निरीक्षणाला बसले तर त्यांचे वर्ग कोण सांभाळणार? शिवाय सर्वेक्षणे आणि अहवाल आहेतच. आक्षेप रास्त आहे. इथेच आपल्या महाविद्यालयाला काही करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर गावात जातेच. रस्ते झाडण्याबरोबर दोघांनी, गुरुजींच्या संमतीने, शाळेत दोन तास बसून असा कागद भरला आणि कुठेही न दाखवता तो गुरुजींच्याच हाती दिला, तर? आपल्यापैकी अनेकजण उद्या डी.एल.एड., बी.एड. करतील. त्यांना हा सराव आजच घडेल.

रेहेकुरीच्या माळावर काळवीट पाहायचे तर गाडीचा आवाज बंद करून गप्प बसावे लागते. मित्रहो, मूल पाहायचे तरी याहून वेगळे काय करावे लागते? शेरेबुक मिटावे, थोडा धीर धरावा, आणि कागदावरची कोरी चौकट उद्या कशी भरेल एवढेच मनाशी धरावे.