लोखंडाला वाली कोण?

आजचा लेख जरा चिडून लिहितोय. दोन आठवडे थांबून बघितलं, राग शांत होतो का ते. नाही झाला.

झालं असं. दोन रविवारांपूर्वी हापिसातल्या नऊ जणांना घेऊन गडावर गेलो होतो. पहाटे साडेचारला भोसरीत पीएमटी चौकात भेटायचं, चाकणचे कंटेनर जागे व्हायच्या आत राजगुरुनगर गाठायचं आणि नारायणगावला मिसळ. हा आमचा ठरलेला कार्यक्रम. पुणे-नाशिक रस्त्यावर राहण्याचा एवढाच काय तो फायदा. ट्रॅफिकला शिव्या घालत का होईना, जुन्नरचे सगळे गड आपल्याला जवळ. गडाचं नाव मुद्दाम सांगत नाही. कारण नाव सांगितलं की सगळे त्या एका गडाबद्दलच बोलतील, आणि मला बोलायचंय ते सगळ्यांबद्दल.

कड्याला लागून एक आडवी वाट आहे. डावीकडे कातळ, उजवीकडे दरी, आणि मधे छान पिवळा ऑईलपेंट मारलेलं रेलिंग. आमच्यातली सगळ्यात नवीन मुलगी, पहिलाच ट्रेक, तिथे थबकली. मी मागून मोठ्या अनुभवी माणसाच्या थाटात म्हणालो, "रेलिंगला धर, काही होत नाही."

तिने धरलं. आणि रेलिंगचा खांब बुडाच्या सिमेंटच्या गोळ्यासकट उपटून तिच्या हातात आला.

ती शहाणी मुलगी. तोल बाहेर जायच्या आत मटकन खाली बसली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पाईप मात्र दरीत गेला, आणि तो खाली आदळल्याचा आवाज यायला जो वेळ लागला ना, तो मला अजून रात्री आठवतो. तिला धोक्यात त्या कातळाने नव्हतं घातलं, मी घातलं होतं. "काही होत नाही" हे माझे शब्द.

घरी येऊन अण्णांना उरलेल्या खांबांचे फोटो दाखवले. अण्णा म्हणजे माझे वडील. भोसरी एमआयडीसीत पस्तीस वर्षं मेंटेनन्स फिटर. फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "अरे, ह्याला वरून टोपण कुठंय? पाईपचं तोंड उघडं. पावसाचं पाणी आत जाणार, बुडाला साठणार. चार पावसाळ्यांत आतून खाल्लं असणार. बाहेरून रंग मारलाय म्हणून तुम्हाला दिसत नाही."

"पण अण्णा, दरवर्षी कोणी बघत असेल ना?"

"बघत असतं तर टोपण लावलं असतं."

संपलं. माझी सगळी चीड या एका वाक्यात आली.

आता जरा मागे जाऊ. युरोपात या प्रकाराला व्हिया फेर्राता म्हणतात. इटालियन शब्द, अर्थ अगदी साधा: लोखंडी वाट. आल्प्समध्ये ही कल्पना जुनी आहे. १८४३ साली ऑस्ट्रियात डाखश्टाइन शिखराच्या वाटेवर लोखंडी खुंट्या आणि दोर बसवले होते. पण ती गाजली पहिल्या महायुद्धात. १९१५ ते १९१७ इटली आणि ऑस्ट्रियाचं सैन्य डोलोमाइट्सच्या कड्यांवर समोरासमोर होतं, आणि तोफा-दारूगोळा-माणसं वर न्यायला दोन्हीकडच्यांनी शिड्या आणि तारा ठोकल्या. युद्ध संपलं, लोखंड राहिलं. पुढे तिथल्या गिर्यारोहण क्लबांनी ते ताब्यात घेतलं, दुरुस्त केलं, नवीन वाटा केल्या. "ताब्यात घेतलं" हे लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

आपल्याकडची गोष्ट उलटी. आपल्या गडांच्या वाटा कातळात कोरलेल्या. हरिहरच्या जवळजवळ उभ्या पायऱ्या बघा, प्रत्येक पायरीला हात अडकवायला खोबण्या. शेकडो पावसाळे झाले, खोबणी काही गंजली नाही :-) १८१८ मध्ये इंग्रजांनी ठरवून गडांच्या वाटा उडवल्या. चावंडच्या पायऱ्या तेव्हाच गेल्या, अलंग-मदन-कुलंगच्याही सुरुंगाने उडवल्या. तुटलेल्या जागी आपण लोखंड आणलं. कळसूबाईच्या शिड्या, रतनगडाच्या शिड्या, चावंडचं रेलिंग. म्हणजे आपल्याकडेही लोखंडी वाटा आहेत, फक्त आपण त्यांना तसं म्हणत नाही. आणि म्हणत नाही म्हणूनच त्यांचे नियमही नाहीत.

व्हिया फेर्रातावर माणूस कसा चढतो? कमरेला हार्नेस, डोक्यावर हेल्मेट, हार्नेसला दोन दोऱ्या आणि दोन कॅराबिनर. कड्यावर पोलादी तार, दर काही मीटरवर खडकात पक्की केलेली. खुंटी आली की एक कॅराबिनर काढून पुढे लावायचा, मग दुसरा. एका क्षणीही तुम्ही मोकळे नसता. आणि दोऱ्यांच्या मुळाशी एक शिवलेली पट्टी असते. पडलात तर ती टराटरा उसवते आणि झटका खाते.

ही पट्टी का, ते गणितात बघा. ७० किलोचा माणूस ४ मीटर पडला आणि साध्या दोरीने त्याला १० सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर सरासरी ओढ होते २८७० किलो. जवळजवळ तीन टन. कंबर मोडेल नाहीतर दोरी तुटेल. तोच माणूस पट्टी उसवत १ मीटरमध्ये थांबला तर ओढ ३५० किलो. दुखेल, पण जगेल. अकरावीचं फिजिक्स आहे, रॉकेट सायन्स नाही.

म्हणजे तिकडे तार, खुंटी, हार्नेस, पट्टी, हेल्मेट आणि देखभाल ही सगळी मिळून एक सिस्टीम आहे. आपण त्यातलं फक्त लोखंड उचललं. बाकीचं वगळलं. आपल्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी कॉपी-पेस्ट केली, डिपेंडन्सी टाकल्याच नाहीत, आणि डायरेक्ट प्रॉडक्शनला ढकललं. वर रविवारी सकाळी पूर्ण लोड.

आणि तिकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑस्ट्रियात टिरोल भागात एक जण पडला आणि त्याच्या दोन्ही इलॅस्टिक दोऱ्या तुटल्या. तो गेला. चौकशीत निघालं की ताणून-ताणून, वापराने दोऱ्या आतून कमजोर झाल्या होत्या. मग काय झालं? एकामागून एक कंपन्यांनी आपले सेट बाजारातून परत मागवले. ईएन ९५८ नावाचं त्यांचं मानक आहे, ते पुढे कडक केलं. एक माणूस गेला आणि सगळी व्यवस्था हलली. चाकणमध्ये गाड्या बनवणाऱ्यांना रिकॉल म्हणजे काय हे सांगायला नको. आपल्या गडावरच्या शिडीला रिकॉल कोण देणार? ती कोणाची आहे हेच माहीत नाही!

आता आपल्याच एमआयडीसीकडे या. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला फॅक्टरी ॲक्ट, १९४८, त्याचं कलम २९. कारखान्यातली क्रेन, तिची साखळी, तिचा दोर, यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम माणसाकडून कसून तपासणी व्हायची आणि नोंद ठेवायची, असा त्याचा नियम होता. लिफ्टला तर सहा महिन्यांची मुदत होती. अण्णांनी आयुष्यभर ती रजिस्टरं भरली. भोसरीतल्या शेडमधल्या हुकाला, ज्याला लोखंडाचा ठोकळा लटकतो, त्याला तारीख आहे. कळसूबाईच्या शिडीला रविवारी माणसं लटकतात. मी गेली पंधरा वर्षं डोंगरात फिरतोय. शिडीशेजारी बसवल्याची तारीख, तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव लिहिलेली पाटी मी एकदाही पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली असेल तर मला कळवा, मी जाऊन तिला हार घालीन.

यावर दोन पार्ट्या आहेत. दोघांशीही माझं भांडण आहे.

पहिली पार्टी "रेलिंग लावा"वाली. अपघात झाला की लगेच निवेदन, फोटो, मागणी. यांना लोखंड बसवायचं असतं, सांभाळायचं नसतं. उद्घाटनाला नारळ फुटतो, दुसऱ्या वर्षी नट सैल आहे का हे बघायला कोणी जात नाही. सह्याद्रीचा पाऊस चार महिने झोडपतो, साध्या एमएसच्या वेल्डिंगचं काय होतं हे भोसरीतला कुठलाही फॅब्रिकेटर सांगेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रेलिंग माणसाला आमंत्रण देतं. उघडा कातळ बघून जो परत फिरला असता, तो पिवळा पाईप बघून पुढे जातो. पाईप धड असेल तर ठीक. नसेल तर ते रेलिंग नाही, सापळा आहे.

दुसरी पार्टी शुद्धतावाली. "सह्याद्रीत लोखंड नकोच, ज्याला जमत नाही त्याने येऊ नये." ऐकायला भारी. खरं सांगतो, दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच म्हणायचो. पण कधी खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकरला गेलात का? त्या शिड्या तुमच्या-माझ्या वीकांतासाठी नाहीत. खालच्या गावातली माणसं त्या वाटेने वर जातात. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, देवीचं देऊळ आहे आणि दर्शनाला नऊवारीतल्या आज्या जातात. त्यांना सांगणार का, आजी, तुमचं टेक्निक कच्चं आहे, खालीच थांबा? डोंगर आधी त्यांचा आहे. तिथे शिडी हवीच, आणि ती मजबूत हवी.

मग माझं म्हणणं काय? एकच. लोखंड लावायचं तर त्याला मालक हवा. मालक नसेल तर ते काढून टाका. अधलंमधलं नको.

मालक म्हणजे काय, तेही सांगतो. प्रत्येक शिडीला, प्रत्येक रेलिंगला एक पत्र्याची पाटी. कधी बसवलं, कोणी बसवलं, एका वेळी किती माणसं, शेवटची तपासणी कधी. वर्षातून दोनदा तपासणी: एक मे महिन्यात, पावसाच्या आधी. एक ऑक्टोबरात, पावसाने काय खाल्लं ते बघायला. नापास झालं तर त्याच दिवशी वाट बंद, आणि पंधरा दिवसांत दुरुस्ती नाहीतर कापून काढणे. बस्स.

"जबाबदारी कोणाची? वनखातं, पुरातत्त्व, पर्यटन की ग्रामपंचायत?" हाच तर मुद्दा आहे राव. पाटीवर नाव आलं की जबाबदारी आली, म्हणून तर पाटी लागत नाही. "पैसे कुठून आणायचे?" बऱ्याच गडांच्या पायथ्याला आता पार्किंगचे नाहीतर प्रवेशाचे पैसे घेतात. जरूर घ्यावेत, गावाला मिळायलाच हवेत. त्यातला थोडा भाग नट-बोल्टांवर जाऊ दे. "माणसं कुठून आणायची?" ह्या पट्ट्यात? पिंपरी-चिंचवडचे सुरेंद्र चव्हाण १९९८ साली एव्हरेस्टवर गेले, आपल्या भोसरीच्या सागरमाथा गिर्यारोहण संस्थेने २०१२ साली एव्हरेस्ट मोहीम केली. चढणारे इथे आहेत, वेल्डर इथे आहेत, तपासणी करणारे इन्स्पेक्टर इथे आहेत. एकाच पिनकोडमध्ये! फक्त कोणी त्यांना बोलावलेलं नाही.

कोणी म्हणेल, एवढा कशाला त्रागा, एक पाईप तर निघाला. त्यांना एक तारीख सांगतो. १५ जून २०२५. रविवार. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल, आपल्या घरापासून तासाच्या आतला, माणसांसकट कोसळला. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. पूल धोकादायक आहे असा फलक तिथे होता. फलक होता, पूलही होता, रविवारची गर्दीही होती. नव्हता तो पूल बंद करणारा माणूस. त्यानंतर महिन्याभरात, जुलै २०२५ मध्ये, मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. मलाही आनंद झाला, स्टेटसही ठेवलं. पण गर्दी वाढणार, गर्दीसोबत रेलिंग वाढणार, आणि पिवळा पेंट वाढणार.

तोवर आपण काय करायचं? मी माझ्यापुरतं ठरवलंय. रेलिंग धरायच्या आधी बूड बघायचं. हलवून बघायचं, पण वजन पायावर ठेवून. शिडीवर एका वेळी एक. आणि दुसऱ्या कोणाला "धर, काही होत नाही" हे वाक्य पुन्हा म्हणायचं नाही. त्या मुलीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "सर, पुढचा ट्रेक कधी?" घ्या!

अण्णांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "लेख लिहून नट घट्ट होत नाहीत." बरोबरच आहे. पुढच्या रविवारी ते येणार आहेत आमच्याबरोबर, गुडघे दुखतात तरी, पहिल्या रेलिंगपर्यंत तरी नक्की. सोबत हातोडी घेणार आहेत. ठोकून बघितलं की आवाजावरून कळतं म्हणे: धड असेल तर खणखणीत वाजतं, आतून खाल्लेलं असेल तर बद्द.

काय वाजलं ते पुढच्या वीकांताला लिहितो.