सप्ताहाचा मंडप कोणाचा?

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. या मुलखात हरिनाम सप्ताह भरतात. ज्ञानेश्वरीचे पारायण, कीर्तन आणि अखेर काल्याची पंगत. आमचे कार्यकर्ते त्यास अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. ज्या संतमेळ्यात शिंपी नामदेव, दासी जनाबाई आणि चोखोबा बोलते झाले, त्याचा वारसा देणगीदार पुढाऱ्यांच्या हवाली कोणी केला? आपल्याच तुसडेपणाने! चोखोबांना बंद असलेले विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपुरात प्राण पणाला लावले. ते भक्तीला पाठ दाखवून नव्हे. म्हणून मंडपात बसा, ओवीचा अर्थ विचारा. आणि पंगत एकच बसते की दोन, हे डोळ्यांत तेल घालून पाहा.