दलाल गेला, टेम्पो कुठे गेला?

रविवारी सकाळी आमच्या घराजवळच्या मैदानात शेतकऱ्यांचा आठवडे बाजार भरतो. गेल्या रविवारी मी मेथी घ्यायला उभा होतो. माझ्या पुढच्या गृहस्थांनी भाव विचारला. मावशी म्हणाल्या, "वीसला जुडी."

"पंधराला द्या. आता मधला दलाल गेला ना? मग स्वस्त नको?"

"दलाल गेला साहेब, पण टेम्पो कुठं गेला? त्याचं भाडं द्यावंच लागतंय."

शेवटी पंधरालाच सौदा झाला, वर मूठभर कोथिंबीर फुकट. मी वीस रुपये देऊन माझी जुडी घेतली, पण तो 'मधला' शब्द घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. कारण माझे अब्बा आयुष्यभर तो मधलाच होते.

आम्ही बागवान. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मंडईत भाजी-फळं विकण्यात आमच्या जमातीच्या पिढ्या गेल्या. अब्बा पहाटे तीनला उठून लिलावाला जात, फजरची नमाज मंडईजवळच्या मशिदीत पढत आणि उजाडता उजाडता हातगाडी भरून परतत. दिवसभर ओल्या गोणपाटाखाली भाजी जपायची, महिनाअखेरपर्यंत उधारी लिहायची आणि संध्याकाळी जे सडेल ते स्वतःच्या खिशातून भरायचं. त्या कष्टावर आम्ही चार भावंडं शिकलो. म्हणून 'दलाल म्हणजे लुटारू' असं कुणी सरसकट म्हटलं की मला टोचतं.

पण दुसरी बाजूही मी अब्बांकडूनच ऐकली आहे. त्यांच्या तरुणपणी काही अडत्यांचा सौदा रुमालाखाली व्हायचा. रुमालाआड बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीच उभा, आणि त्यालाच कळत नसे की आपला माल कितीला गेला. मग हातात पट्टी यायची, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा. रुमाल आता फारसा दिसत नाही, पट्टी मात्र आहे. २०२३च्या फेब्रुवारीत सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि खर्च वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक आला, ही बातमी आपण सर्वांनी वाचली होती.

२०१६मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान सुरू केलं. मी त्याचं स्वागतच करतो. मात्र या बाजाराने नेमकं काय बदलायचं होतं, हे आपण गिऱ्हाइकांनी समजून घेतलेलं नाही.

मला इथे प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आठवते. बाजाराकडे निघालेल्या काफिल्याला वाटेतच गाठून माल विकत घेऊ नका, असं त्यांनी बजावलं. कारण त्या विक्रेत्याला शहरातला भाव अजून ठाऊक नसतो. असा सौदा झालाच, तर बाजारात पोचल्यावर तो मोडण्याचा हक्कही त्यांनी विक्रेत्याला दिला. प्रेषित स्वतः व्यापारी होते. त्यांनी व्यापार हराम ठरवला नाही; समोरच्याच्या अज्ञानावर नफा कमावणं निषिद्ध ठरवलं. त्यांनी धान्याच्या राशीत हात घालून तळचा ओलावा वर काढला, हीदेखील हदीस आहे. म्हणजे वर लालबुंद आणि खाली पिचके टोमॅटो रचणारा शेतकरीही त्यातून सुटत नाही.

आणि गिऱ्हाईक? तेही सुटत नाही. मॉलमध्ये छापील किमतीपुढे आपण गप्प उभे राहतो. इथे मात्र दुपारी बाराला टेम्पो परत निघायच्या आत माल खपवायचाच आहे, ही मावशींची अडचण आपल्याला ठाऊक असते आणि तिच्यावरच आपण पाच रुपये कमावतो. रुमालाखाली अडत्या शेतकऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घेत होता, आपण उजेडात त्याच्या नाइलाजाचा घेतो. फरक कितीसा राहिला? मधल्याचा वाटा शेतकऱ्याला मिळावा म्हणून हा बाजार आहे. तो सगळाच्या सगळा आपण खिशात घातला, तर शेतकऱ्याने शिवार सोडून शहरात यायचं कशाला?

घासाघीस कधीच करू नये, असं मी म्हणत नाही. भाव विचारा, माल पारखा, महाग वाटला तर पुढच्या पाटीकडे जा. पण उन्हं चढायची वाट बघून भाव पाडू नका आणि फुकटची कोथिंबीर हक्क म्हणून मागू नका. एरवी दारावर येणाऱ्या हातगाडीवाल्याकडूनही भाजी घेत जा. बुधवारी रात्री पाहुणे आले तर तोच उपयोगी पडतो.

मागे अब्बा आले होते, तेव्हा त्यांना या बाजारात नेलं. मला धाकधूक होती, त्यांना वाईट वाटेल का? त्यांनी एक जुडी उचलली, मुळांची ओली माती बोटांनी चोळून पाहिली आणि भाव न करता पैसे दिले. मी विचारलं, "अब्बा, आज भाव नाही केला?"

"रात्री दोनला निघाली असेल ती," एवढंच म्हणाले आणि पुढच्या पाटीकडे वळले.