विश्लेषण : मुखपृष्ठ पाहिले, अंक वाचला का?

साप्ताहिकाचा अंक स्टॉलवर लागण्याआधी त्याचे मुखपृष्ठ मोबाइलवर येऊन पडते. त्यावर वाचक हसतात, चिडतात, एकमेकांवर तुटून पडतात. आतले लेख बहुतेकांनी उघडलेलेही नसतात. ‘द न्यूयॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. त्याच्या मुखपृष्ठांवर आणि लेखांवर वाचकांनी आजवर जे वाद घातले ते पाहिले, तर वाचकांचा राग नवा नाही हे लगेच कळते. तो कशावर निघतो, ते मात्र बदलले आहे. याचा फटका कधी चांगल्या लेखाला बसतो, कधी चित्रकाराला. आपल्या देशात तर तो थेट संपादकाला बसला आहे.

‘न्यूयॉर्कर’चे मुखपृष्ठ वेगळे कसे?

बहुतेक साप्ताहिके मुखपृष्ठावर आतला माल मांडतात. मोठे छायाचित्र, त्यावर ठळक मथळा, कडेला आणखी दोन-चार लेखांची नावे. ‘न्यूयॉर्कर’ यातले काही करत नाही. वर नाव, तारीख, किंमत आणि खाली एक चित्र. ते चित्र आतल्या कुठल्याही लेखासाठी काढलेले असतेच असे नाही. चित्राला शीर्षक असते, पण ते आत, अनुक्रमणिकेच्या पानावर, बारीक अक्षरांत. १९२५ च्या पहिल्या अंकावर रिआ आयर्विन यांनी काढलेला उंच टोपीवाला, एकाक्षी चष्म्यातून फुलपाखराकडे पाहणारा छानछोकी गृहस्थ होता. त्याचाही आतल्या मजकुराशी काही संबंध नव्हता. चित्र हे स्वतंत्र मत आहे, लेखाची जाहिरात नव्हे, हा या साप्ताहिकाचा जुना रिवाज. १९९३ पासून ही चित्रे निवडण्याचे काम फ्रान्स्वाझ मूली करीत आल्या आहेत.

या रिवाजातून काही अविस्मरणीय चित्रे निघाली. २९ मार्च १९७६ च्या अंकावर सॉल स्टाइनबर्ग यांनी न्यूयॉर्कच्या नवव्या ॲव्हेन्यूवरून दिसणारे जग काढले. जवळच्या इमारती आणि रस्ते तपशीलवार, मग हडसन नदी, नदीपलीकडे उरलेली अख्खी अमेरिका एका पट्ट्याएवढी आणि प्रशांत महासागराच्या पार चीन, जपान, रशिया नावाचे तीन उंचवटे. न्यूयॉर्ककर स्वतःवरच हसले. पुढे जगभरच्या शहरांनी त्याच्या नकला केल्या. (सदाशिव पेठेतून दिसणारे जग काढायला पुण्यातल्या कुणाला फार डोके चालवावे लागणार नाही.)

रिवाजाची दुसरी बाजूही आहे. ३१ ऑगस्ट १९४६ चा अंक घ्या. मुखपृष्ठावर उन्हाळ्यातली बाग, तिथे खेळणारी, पहुडलेली, सहलीला आलेली माणसे. आत जॉन हर्सी यांचा ‘हिरोशिमा’ हा सुमारे ३० हजार शब्दांचा वृत्तांत. अणुबाँबमधून वाचलेल्या सहा जणांची ती हकीकत. मूळ बेत चार भागांत छापण्याचा होता. विल्यम शॉन यांच्या आग्रहावरून संपादक हॅरल्ड रॉस यांनी सगळा अंक त्याला दिला. नेहमीची व्यंगचित्रे नाहीत, कथा नाही. स्टॉलवरच्या प्रतींना आत काय आहे हे सांगणारी कागदी पट्टी लावावी लागली, कारण चित्रावरून कुणाला सुगावा लागला नसता. अंक बघता बघता संपला. अमेरिकी रेडिओवर तो सबंध वाचला गेला.

आज हेच घडले असते तर? बागेतले चित्र आणि हिरोशिमातले प्रेत यांची जोडी करून कुणीतरी फिरवली असती आणि हर्सी यांचे एक वाक्यही न वाचता साप्ताहिकाला निर्दय ठरवून मोकळे झाले असते. १९४६ मध्ये तसे झाले नाही. वाचक अधिक शहाणे होते म्हणून नव्हे. चित्र आणि लेख दोन्ही त्यांच्या हातात एकत्र होते म्हणून.

वाचक पूर्वी खरोखर समंजस होते का?

मुळीच नाही. २६ जून १९४८ च्या अंकात शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ ही कथा आली. एका साध्यासुध्या गावात दरवर्षी चिठ्ठ्या काढतात आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघते तिला गावकरी दगडांनी ठेचून मारतात, एवढीच गोष्ट. त्या उन्हाळ्यात जॅक्सन यांच्याकडे तीनशेहून अधिक पत्रे आली. त्यांतली जेमतेम तेरा गोड बोलणारी होती आणि तीही बहुतेक मित्रमंडळींची, असे त्यांनीच पुढे एका व्याख्यानात सांगितले. कुणी शिव्या घातल्या, कुणी वर्गणी बंद करण्याची धमकी दिली. सगळ्यात अंगावर काटा आणणारी पत्रे वेगळीच होती. अशा सोडती नक्की कुठे होतात आणि त्या पाहायला जाता येईल का, अशी विचारणा करणारी.

यापेक्षा मोठा गैरसमज कोणता असणार? तरीही या पत्रांत एक गोष्ट होती जी आजच्या भांडणात क्वचित दिसते. लिहिणाऱ्याने कथा शेवटपर्यंत वाचलेली होती. त्याने कागद घेतला, पाकीट घेतले, तिकीट लावले. राग व्यक्त करायलाही अर्धा तास बसावे लागत होते. तेवढ्या वेळात काहींचा राग निवला असेल आणि काही पत्रे टपालात पडलीच नसतील.

मराठी वाचकाला नवल वाटेल अशी एक बाब इथेच सांगायला हवी. वाचकांच्या पत्रांना नियमित जागा ‘न्यूयॉर्कर’ने दिली ती टीना ब्राउन १९९२ मध्ये संपादक झाल्यानंतर. त्याआधी जवळपास सात दशके वाचकांचा पत्रव्यवहार असा ठरलेला स्तंभच नव्हता. आपल्याकडे दैनिकात काय आणि साप्ताहिकात काय, वाचक आधी पत्रांचे पान उघडणार आणि मग अग्रलेख वाचणार, ही सवय जुनी. मोठेपणाच्या रुबाबात हे अमेरिकी साप्ताहिक वाचकाला बराच काळ दारात उभे करत आले, असे म्हणायला हरकत नाही.

२००८ मध्ये काय बिघडले?

बराक ओबामा अध्यक्षपदाचे उमेदवार होते. ते छुपे मुसलमान आहेत, त्यांच्या पत्नी अमेरिकाद्वेष्ट्या आहेत, अशा अफवा ईमेलमधून घरोघरी पोहोचत होत्या. चित्रकार बॅरी ब्लिट यांनी या सगळ्या अफवा एका चित्रात कोंबल्या. २१ जुलै २००८ च्या अंकावर अध्यक्षांच्या कार्यालयात ओबामा पागोट्यात, मिशेल ओबामा लष्करी वेशात खांद्यावर रायफल घेऊन, दोघांच्या मुठी एकमेकींना भिडलेल्या, भिंतीवर ओसामा बिन लादेनची तसबीर आणि शेकोटीत जळणारा अमेरिकेचा झेंडा. शीर्षक होते ‘भीतीचे राजकारण’. अर्थात ते आतल्या पानावर.

चित्र अंकाच्या कितीतरी आधी इंटरनेटवर पोहोचले आणि गदारोळ झाला. ओबामांच्या प्रचारपथकाने ते अभिरुचिहीन आणि अपमानकारक ठरवले. प्रतिस्पर्धी मॅकेन यांच्या पथकानेही त्याला दुजोरा दिला. आम्ही अफवांची खिल्ली उडवली, ओबामांची नव्हे, असे संपादक डेव्हिड रेम्निक सांगत राहिले.

रेम्निक यांचा हेतू खरा होता. पण चिडलेल्या वाचकांना विनोदबुद्धी नाही, हा साप्ताहिकाच्या चाहत्यांनी काढलेला सूर पटण्याजोगा नाही. चित्रात अफवा होती, अफवा पसरवणारा नव्हता. ज्याची टर उडवायची तो माणूस चौकटीबाहेर राहिला आणि ज्याची बदनामी चालली होती तो चौकटीत. साप्ताहिकाचा नेहमीचा वाचक चौकटीबाहेरचा माणूस मनात भरून घेतो, कारण त्याला घरचा सूर ठाऊक असतो. ज्याच्याकडे ते चित्र ईमेलमधून, शीर्षकाशिवाय, चुलत्याने किंवा सहकाऱ्याने पाठवले, त्याला ती अफवेचीच रंगीत आवृत्ती दिसली. त्याने चूक केली असे कसे म्हणणार?

खरे नुकसान आणखी कुठे झाले. त्याच अंकात रायन लिझा यांचा ओबामांच्या शिकागोतील राजकीय वाटचालीवर प्रदीर्घ लेख होता. हा नेता साधुसंत नाही, स्थानिक राजकारणाचे डावपेच शिकून, जुळवून घेत, योग्य वेळी माणसे सोडत वर आला आहे, हे तो लेख तपशिलाने दाखवत होता. मतदाराने निवडणुकीआधी वाचावे आणि भांडावे तर यावर. भांडण मात्र पागोट्यावर झाले.

भारतात मुखपृष्ठाचे काय झाले?

इथे प्रकरण शिव्यांवर थांबत नाही. तमिळ साप्ताहिक ‘आनंद विकटन’ने १९८७ मध्ये मुखपृष्ठावर एक विनोद छापला. व्यासपीठावर बसलेल्या दोघांत आमदार कोण आणि मंत्री कोण? खिसेकापूसारखा दिसतो तो आमदार, दरोडेखोरासारखा दिसतो तो मंत्री. तमिळनाडू विधानसभेने हा हक्कभंग मानला आणि संपादक एस. बालसुब्रमण्यन यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. देशभर ओरड झाल्यावर काही दिवसांतच त्यांची सुटका झाली. ते न्यायालयात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने कारवाई बेकायदा ठरवून एक हजार रुपये भरपाई दिली. ती रक्कम त्यांनी खर्च केली नाही, चौकटीत बसवून ठेवली.

पुढचा प्रसंग ताजा आहे आणि तो कागदावरचाही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच समूहाच्या ‘विकटन प्लस’ या डिजिटल नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर पंतप्रधान मोदी डोनाल्ड ट्रम्प यांच्याशेजारी साखळदंडात बसलेले दाखवले. अमेरिकेने बेड्या घालून परत पाठवलेल्या भारतीयांचा संदर्भ त्यामागे होता. तमिळनाडू भाजपकडून तक्रार झाली आणि ‘विकटन’चे संकेतस्थळच देशात उघडेनासे झाले. आक्षेप एका चित्रावर आणि बंद झाले सगळे : बातम्या, लेख, जुने अंक. मार्च २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने संकेतस्थळ खुले करण्याचा अंतरिम आदेश दिला, मात्र ते चित्र आधी काढून ठेवण्याच्या अटीवर.

या दोन घटनांत ३८ वर्षांचे अंतर आहे. १९८७ मध्ये संपादक आत गेला तरी अंक लोकांच्या घरात राहिला होता. ज्याला ठरवायचे होते त्याने तो पाहून ठरवले. आता चित्रच जागेवरून उठते आणि चर्चा करणारे ऐकीव वर्णनावर किंवा कुणी फिरवलेल्या फोटोवर विसंबून बोलतात. मराठीत १९६० मध्ये निघालेल्या ‘मार्मिक’ची तर ओळखच मुखपृष्ठावरचे व्यंगचित्र ही होती. ते न पटणारेही ते पाहूनच बोलत, एवढे तरी होते.

मग दोष मोबाइलचा का?

काही अंशी. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २४ सप्टेंबर २००१ च्या अंकावर आर्ट स्पीगलमन आणि मूली यांचे चित्र आले. नुसते काळे पान. अंक हातात धरून उजेडात थोडा तिरका केला की काळ्यावर काळ्या रंगातले दोन मनोरे उमटत. ते दिसणे आणि न दिसणे हाच त्या चित्राचा अर्थ होता. मोबाइलवर ते पान एकतर कोरे काळे दिसते, नाहीतर मनोरे स्पष्ट व्हावेत म्हणून कुणीतरी त्याचा उजेड वाढवलेला असतो. दोन्ही प्रकारांत चित्र हातचे गेले.

पण सगळा दोष यंत्रावर ढकलणे साप्ताहिकांच्या सोयीचे आहे. मुखपृष्ठ आधी आणि एकटे सोडण्याची घाई त्यांचीच असते. चित्रावर जितकी खळबळ, तितके नाव. मग संदर्भ सोडून वाचले म्हणून वाचकावर डाफरायचे, हे बरे नव्हे. संदर्भ आधी कुणी सोडला? चित्राबरोबर त्याचे शीर्षक आणि चित्रकाराचे नाव पाठवायला एक ओळ लागते. ती ओळ ब्लिट यांच्या चित्राखाली असती तर सगळा वाद टळला नसता, पण अर्धा तरी नक्कीच टळला असता.

हे जमते, याचा पुरावा त्याच साप्ताहिकाने दिला आहे. २२ जून २०२० च्या अंकासाठी कदीर नेल्सन यांनी पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइड यांचे चित्र काढले. त्यांच्या देहातच वंशद्वेषाचे बळी ठरलेल्या अनेक कृष्णवर्णीयांचे चेहरे आणि गुलामीपासूनचा इतिहास सामावलेला होता. शीर्षक ‘त्यांची नावे घ्या’. छापील पानावर इतके चेहरे ओळखणे अमेरिकी वाचकालाही कठीण. संकेतस्थळावर मात्र चित्रातल्या एकेका चेहऱ्यापाशी जाता येत होते आणि तो कोण, त्याचे काय झाले, हे तिथेच वाचता येत होते. त्या चित्रावरही मतभेद झाले असतीलच, पण ज्याला भांडायचे होते त्याला चित्रातच पुरेसे वाचायला होते.