कात्री चालवा, पण डोळ्यापाशी थांबा

सुगी उरकली की येळ्ळूरच्या शिवारात भाताचे खुंट आणि वाळलेले गवत उरते. मालकामागून शेतात हिंडलेले कुत्रे अंगभर कुसळे घेऊन घरी येते. मुधोळसारख्या आखूड केसांच्या जातीचे ओल्या फडक्यावर भागते. हौसेने आणलेल्या शिह त्झूचे किंवा ल्हासाचे तसे भागत नाही. त्यांचे केस घरी कापावेत की त्यांना बेळगावच्या पार्लरमध्ये न्यावे?

घरी कापणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. शहरात नेण्या-आणण्यात वेळ आणि पैसा जातो, शिवाय अनोळखी माणसे आणि ड्रायरचा आवाज यांनी कुत्रे बिथरते. पार्लरमधला प्रत्येक हात सराईत असतो असेही नाही. पाठ, पोट, पाय घरी खुशाल करावे. गुंता मात्र आधी फणीने सोडवावा, कारण गुंत्याखाली कातडी कुठे आहे ते दिसत नाही.

डोळ्याभोवतीचे केस ही वेगळी गोष्ट. ‘निसर्गाने दिलेत, राहू द्या’ हे ऐकायला बरे वाटते, पण लांब केस बुबुळावर घासून जखम करतात. आणि घाईत एकट्याने कात्री लावली तर कुत्र्याच्या एका हिसक्यात डोळा जातो. म्हणून माझे मत असे: केस विंचरून डोक्यावर रबराने सैल बांधावेत. कापायचेच तर एकाने डोके धरावे, दुसऱ्याने बोथट टोकाची कात्री टोक डोळ्याच्या उलट दिशेला ठेवून चालवावी. एवढे जमत नसेल तर पार्लरचे पैसे महाग नाहीत. अंघोळ घालतानाही क्लोरहेक्सिडीन असलेला औषधी शाम्पू डोळ्यात जाऊ देऊ नये. त्याने बुबुळाला इजा होते.

एवढे करूनही इजा झालीच तर? कुत्रे डोळा मिटून धरते, पाणी गळते, पंजाने चोळते. कुसळ तिसऱ्या पापणीमागे दडले तर वरून दिसतही नाही. सलाइनने डोळा धुवावा, रुतलेली वस्तू उपसू नये, पंजा डोळ्याला लागू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घालावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याचा डोळा खोबणीबाहेर आला तर तो आत ढकलू नये. सलाइनने भिजवलेले स्वच्छ फडके धरून लगेच निघावे. गुरांचा दवाखाना जवळ असेल तर आधी तिथेच जावे. डोळ्यात फ्लुओरेसिन रंग टाकून तपासता येईल का, हे मात्र विचारावे. जखम असेल तिथे हा रंग हिरवा चमकतो. तिथे सोय नसेल तर पुढे बेळगाव.

दूध, मध, हळद डोळ्यात घालणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, परिणाम नसतो. त्याहून वाईट म्हणजे आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब. त्यांत बहुधा स्टिरॉइड असते, आणि बुबुळावर जखम असताना ते पडले तर बुबुळाला भोक पडू शकते. अशी बाटली कपाटात असेल तर आजच टाकून द्या.