इरजिकीची रीत

वसमतहून आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव अभियांत्रिकीची पदवी घेऊन नोकरी करतात. परंतु रात्री जेवणे आटोपली की संगणकापुढे बसावे आणि परक्यांच्या सॉफ्टवेअरमधील दोष विनावेतन दुरुस्त करावेत, हा त्यांचा दोन वर्षांचा परिपाठ होता. अलीकडे तो सुटला आहे. पंधरा रात्री खपून त्यांनी केलेली एक दुरुस्ती आठ महिने कोणी उघडूनही पाहिली नाही. आणि शेवटी एका तिऱ्हाइताने 'अजून झाले नाही काय?' म्हणून त्यांनाच खडसावले. "मुलगा आता वेळेवर झोपतो," असे लिहून बाई विचारतात, "याचा मी आनंद मानू की खेद?"

बाईंनी खेद मानावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र त्या खेदाचा दोष चिरंजीवांच्या माथी येत नाही. तो कोणाच्या माथी येतो, हे आज या सदरात पाहू.

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता लपवून ठेवलेली नसते, जी कोणीही वाचावी, सुधारावी आणि सुधारलेली पुन्हा दुसऱ्यास द्यावी, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. हा काही चार हौशी मंडळींचा खेळ नव्हे. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात असणारा अँड्रॉइड फोन लिनक्स या अशाच सॉफ्टवेअरवर उभा आहे. आणि वसमतच्या बाईंस दूर जावयास नकोच. त्यांच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथाजवळील दुधाळा येथे, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचे ठरले आहे. भारत सरकारने २०१६ साली तीस तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजा काटकोनात राहतील, आणि आकाशातून लहर आली असता त्यांच्या लांबीत पडणारा फरक अणुगर्भातील एका प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहूनही सूक्ष्म असेल. असा फरक गोंगाटातून निवडून काढण्याचे काम सॉफ्टवेअरचे. अमेरिकेतील वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, तेव्हापासून या कामी वापरली जाणारी कितीतरी साधने मुक्तस्रोत आहेत. त्यांतील पुष्कळांचा पाया न्यूमपाय, सायपाय अशा गणिती संचांवर आहे. न्यूमपायचे काम दहा वर्षांहून अधिक काळ मुख्यतः स्वयंसेवकांनी सांभाळले. त्यास पहिले मोठे अनुदान मिळाले ते २०१७ साली. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील कोट्यवधींच्या वेधशाळेचा एक आधार कोणा अनामिकाच्या रात्रीच्या जागरणावर आहे. तो जागणारा झोपी गेला, तर नुकसान त्याच्या आईचे नव्हे, आपले आहे.

आता प्रश्न असा की, अशा माणसास जागे कसे ठेवावे? पुष्कळांस वाटते, पैसा द्यावा म्हणजे झाले. या ठिकाणी आम्हांस आपल्याकडील इरजीक आठवते. ज्याच्या शेताची नांगरणी मागे पडली, त्याच्या हाकेसरशी शेजारपाजारचे शेतकरी आपापले बैल घेऊन येत आणि एका दिवसात रान उलथून देत. मजुरी कोणी मागत नसे. घरधनी सर्वांस पोटभर जेवू घाली. त्या जेवणाऐवजी त्याने प्रत्येकाच्या हातावर चार नाणी ठेवली असती, तर मंडळी चकित झाली असती, कदाचित दुखावलीही असती. परंतु मंडळी बैल घेऊन बांधावर उभी आहेत आणि घरधनी घरात निजला आहे, कोणते रान धरावे हे सांगावयास कोणी नाही, असे घडले तर? त्या घरी दुसऱ्या खेपेस कोणी जाणार नाही. आमच्या मते वसमतच्या चिरंजीवांची कथा तंतोतंत हीच आहे. त्यांना मजुरी नको होती. घरधन्याने दार उघडावे, एवढीच अपेक्षा होती.

याची साक्ष पाहावयाची असल्यास डोनाल्ड क्नुथ या विख्यात अमेरिकन गणकपंडिताची रीत पाहावी. आपल्या ग्रंथातील चूक जो प्रथम दाखवील, त्यास ते दोन डॉलर छप्पन्न सेंटचा धनादेश स्वतःच्या सहीने पाठवीत. ही रक्कम ती केवढी! परंतु ज्यांस तो मिळाला, त्यांतील कित्येकांनी तो बँकेत न भरता चौकटीत बसवून भिंतीवर लावला. त्या कागदाची किंमत छप्पन्न सेंटांत नव्हती. एका थोर पंडिताने आपले म्हणणे वाचले, तपासले आणि मान्य केले, या जाणिवेत होती.

तरीही पैसा तुच्छ आहे असा अर्थ कोणी काढू नये. ज्याच्या शिरावर रोजची राखण आहे, त्याने केवळ गोड शब्दांवर जगावे हा न्याय नव्हे. जालावरील गुप्त व्यवहारांचे रक्षण करणाऱ्या ओपनएसएसएल या साधनात २०१४ साली 'हार्टब्लीड' नावाचा भयंकर दोष सापडला. तो दोन वर्षे तेथे होता. जगातील मोठमोठ्या कंपन्या ज्यावर विसंबून होत्या, त्या साधनास वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा मनुष्य एकच होता! इरजीक एका दिवसाची असते. वर्षभराच्या राखणदारास बलुते द्यावेच लागते. ज्या कंपन्या या रानातून पीक नेतात, त्यांनी ते द्यावे.

आणि खडसावण्याचे फळ काय होते, तेही ऐकावे. एक्सझेड नावाचे एक लहानसे साधन एक गृहस्थ फावल्या वेळात एकटेच सांभाळीत. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्यांच्या मंदपणाबद्दल टोचणारी पत्रे लिहिली. थकलेल्या त्या गृहस्थांनी मदतीस आलेल्या एकाच्या हाती हळूहळू किल्ल्या दिल्या. आणि त्या मदतनिसाने २०२४ साली त्यात चोरदरवाजा बसविला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद उशीर का होतो, याची चुटपुट लागली, म्हणून ती चोरी उघडकीस आली. एका थकल्या माणसावरील टोमण्यांतून केवढे संकट ओढवत होते, आणि एका चौकस माणसाच्या चुटपुटीने ते कसे टळले, याचा वाचकांनी विचार करावा.

कोणी म्हणेल, दुरुस्तीचे काम जगात कोणीही करील, आपल्याच मुलांनी का करावे? त्यास आमचे उत्तर : ज्याचे जळते त्यालाच कळते. 'आचार्यास दक्षिणा द्या' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा द्या' या दोन वाक्यांतील भेद आपल्या घरातील लहान मूलही जाणते. परंतु तो अर्धचंद्री रफार परदेशातील कारागिरास कसा कळावा? मराठी टंकांच्या आरंभीच्या काळात तो अनेकदा फुटून दिसे, पाय मोडलेला 'र' वेगळा पडे. आपला 'ल' आणि आपला 'श' यांची वळणे हिंदीहून निराळी, हेही मराठी डोळ्यासच खटकते. पगारी परीक्षक असले दोष शोधावयास येणार नाही. ज्यास खटकले त्याने सांगितले पाहिजे, आणि ज्यास येते त्याने सुधारले पाहिजे.

तेव्हा दोन्ही पक्षांनी काय करावे, ते थोडक्यात सांगतो. ज्यांच्या हाती एखादे मुक्तस्रोत काम आहे, त्यांनी आलेल्या दुरुस्तीस आठवड्याच्या आत दोन ओळींचे तरी उत्तर द्यावे. 'नको' म्हणावयाचे असल्यास कारणासह म्हणावे. नवख्यासाठी सोपी कामे निराळी काढून ठेवावीत, जसा जाणता शेतकरी नव्या जोडीला मऊ रान देतो. दुरुस्ती स्वीकारली की करणाऱ्याचे नाव नोंदवावे. आणि आपण जे केवळ वापरणारे आहोत, त्यांनी 'चालत नाही' एवढेच लिहून मोकळे होऊ नये. काय केले, काय होईल असे वाटले, आणि प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी क्रमाने लिहाव्यात. वैद्याकडे गेल्यावर 'बरे वाटत नाही' एवढेच सांगणाऱ्या रोग्याचा कितीसा उपयोग? नेमकी तक्रार ही अर्धी दुरुस्तीच होय. ती लिहिण्यास संगणकविद्या लागत नाही, शुद्ध मराठी आणि थोडा धीर लागतो. घरातील मुलींस आणि सुनांसही हे काम सहज करता येईल; त्यांनी ते अवश्य करावे.

राहता राहिले बाईंचे चिरंजीव. बाईंनी त्यांस आग्रह करू नये आणि 'बरे झाले, सुटलास' असेही म्हणू नये. त्या पंधरा रात्रींत त्यांनी नेमके काय सुधारले, ते एकदा समोर बसवून विचारावे. सारे समजले नाही तरी चालेल, शेवटपर्यंत ऐकावे. ज्या घरधन्याने दार उघडले नाही, त्याचे रान त्यांनी खुशाल सोडावे. जेथे हाकेस ओ मिळते अशी दुसरी रानेही पुष्कळ आहेत. मात्र ते पुन्हा बसलेच, तर रात्री अकराच्या सुमारास दिवा मालविण्याची आठवण करण्याचा आईचा हक्क आम्ही मान्य करतो.