व्याज उतरले, पण कोणासाठी?

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जे ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाह्य दराला जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांना हा नियम लागू नाही. आणि म्हसा, मुरबाड, शहापूरच्या आपल्या वस्त्यांतला रोजंदारी कामगार बहुधा अशाच कंपनीचा कर्जदार असतो. त्याच्याकडे पगाराची स्लिप नसते, गावठाणातल्या घराचे कागद अपुरे असतात.

बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले तर वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही. म्हणजे महाग कर्जातून बाहेर पडायला कायद्याची आडकाठी नाही. पण ते कर्ज आपल्याकडे घ्यायचे की नाही, हे मोठी बँक ठरवते. कमी कमाईवाल्याला जास्त व्याज पडते ते इथेच. आम्ही याला आर्थिक विषमताच म्हणतो.

म्हणून वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी घरोघरचे करारपत्र वाचून द्यावे. दर कमी करण्याची मागणी लेखी करू, नकाराचे कारणही लेखी मागू. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळालेच पाहिजेत. कर्ज देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हक्क माहीत असेल तरच मागता येतो.